कलचाचणी चालते, मग ‘लैंगिक कल’ हा शब्द वर्गात का चालत नाही?

मी नववी-दहावीला विज्ञान शिकवते. वर्गात कपाटावर एक प्रश्नपेटी असते. पेटी म्हणजे बुटांचा जुना खोका, ब्राऊन पेपर लावलेला, वर एक चीर पाडलेली. चिठ्ठीवर नाव लिहायचं नाही, आणि शुक्रवारच्या शेवटच्या तासाला मी उत्तरं देते. बहुतेक चिठ्ठ्या त्याच त्या असतात: मुरमं, पाळी, उंची, आवाज फुटणं. गेल्या पावसाळ्यात मात्र एक वेगळी चिठ्ठी निघाली. “मॅडम, मुलाला मुलगाच आवडला तर तो आजार असतो का? परीक्षेला येणार नाही, माहीत आहे. तरी सांगा.”

आजार नाही, असं मी दोन वाक्यांत सांगितलं आणि पुढची चिठ्ठी उघडली. सोमवारी सकाळी चार पालक मुख्याध्यापकांच्या खोलीत बसलेले होते. त्यांच्या आग्रहावरून त्या शनिवारी पालकसभा झाली आणि ती दोन तास चालली. बरेचसे प्रश्न रागाने विचारले गेले, पण एकही प्रश्न फालतू नव्हता. तिथे सगळ्यांना नीट उत्तरं देता आली नाहीत, म्हणून इथे लिहिते आहे.

देशातही हा विषय पुन्हा वर आला आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या एका शाळकरी विद्यार्थ्याच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने केंद्र सरकार, एनसीईआरटी (शाळेची पाठ्यपुस्तकं काढणारी केंद्राची संस्था) आणि काही राज्यांना नोटीस काढली. पारलिंगी व्यक्तींविषयीची माहिती धरून लैंगिकता शिक्षण पाठ्यपुस्तकांत यावं, अशी त्या याचिकेची मागणी आहे. पुढच्याच महिन्यात दुसऱ्या एका प्रकरणात त्याच न्यायालयाने म्हटलं, की लैंगिक शिक्षण नववीपासून सुरू करणं उशिराचं आहे, ते लहान वयापासून हवं. या बातम्या व्हॉट्सअ‍ॅपवर पोचेपर्यंत त्यांचं ‘आता पहिलीच्या मुलांना हे शिकवणार’ असं झालं होतं. आमच्या सभेत दोन जण तोच मेसेज फोनवर उघडून बसले होते.

आधी तीन शब्द वेगळे करू

बहुतेक भांडण तीन शब्दांच्या गुंत्यातून होतं, म्हणून ते आधी सोडवू.

पहिला शब्द लिंग. बाळ जन्मलं की शरीर पाहून ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ सांगतात, ते हे. थोड्या बाळांचं शरीर या दोन्हींत स्पष्ट बसत नाही. हे दवाखान्यांना पूर्वीपासून माहीत आहे.

दुसरा शब्द लिंगओळख. माणूस आतून स्वतःला काय समजतो, पुरुष, स्त्री की आणखी काही, ती ही. जन्मावेळी सांगितलेलं लिंग आणि आतली ओळख जुळत नसेल, तर त्या व्यक्तीला पारलिंगी म्हणतात. तृतीयपंथी हा आपला रोजचा शब्द साधारण याच बाजूचा.

तिसरा शब्द लैंगिक कल. वयात आल्यावर मनाची आणि शरीराची ओढ कोणाकडे जाते, ते कल सांगतो. ओढ भिन्न लिंगाच्या व्यक्तीकडे असेल तर भिन्नलिंगी, स्वतःच्याच लिंगाच्या व्यक्तीकडे असेल तर समलिंगी, दोन्हींकडे असेल तर उभयलिंगी.

शेवटच्या शब्दाशी मी स्वतः वर्गात अडखळले आहे. दहावीच्या धड्यात उभयलिंगी म्हणजे पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असलेलं फूल, जसं जास्वंदीचं. तिथे हा शब्द फुलाच्या रचनेविषयी बोलतो आणि माणसाबाबत वापरला की ओढीविषयी. एका मुलीने मला हे विचारेपर्यंत माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं. शब्दच असे असतील तर मुलांचा गोंधळ होणारच.

‘मी कोण?’ आणि ‘मला कोण आवडतं?’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत, एवढं लक्षात ठेवलं तरी बातम्या बऱ्याच उलगडतात. सर्वोच्च न्यायालयाचा एप्रिल २०१४ चा नालसा निकाल पहिल्या प्रश्नाचा होता. त्याने तृतीयपंथी व्यक्तींना स्वतःची ओळख स्वतः ठरवण्याचा हक्क दिला. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ वरचा सप्टेंबर २०१८ चा निकाल मुख्यतः दुसऱ्या प्रश्नाचा होता. एखादा समलिंगी पुरुष दाढी राखणारा, बँकेत काम करणारा, रविवारी क्रिकेट खेळणारा असू शकतो. त्याला आपण पुरुष आहोत याची मुळीच शंका नसते. आणि नाजूक चालणारा, रांगोळीत रमणारा मुलगा पुढे एखाद्या मुलीच्या प्रेमात पडून संसार करू शकतो. शाळेत सगळ्यात जास्त छळ होतो तो या दुसऱ्या मुलाचा, आणि तोही चुकीच्या समजुतीवरून.

‘कल’ म्हणजे नेमकं काय?

२०१६ पासून काही वर्षं राज्य मंडळ दहावीच्या मुलांची कलचाचणी घेत होतं. मुलाचा ओढा वाणिज्याकडे आहे, कलेकडे की विज्ञानाकडे, हे त्यातून पाहायचं. चाचणी दिल्यामुळे आपल्या मुलाला चित्रकलेचा नाद लागला, अशी तक्रार माझ्याकडे एकाही पालकाने केली नाही. असलेला कल दिसतो, तो चाचणीमुळे तयार होत नाही, हे सगळ्यांना न सांगता कळत होतं. लैंगिक कलाचं नाव घेतलं की मात्र हीच माणसं म्हणतात, नाव घेतल्याने कल तयार होईल.

ही तुलना एका जागी तुटते आणि ते सांगायला हवं. करिअरचा कल सवयीने, संधीने थोडाफार वळवता येतो. लैंगिक कल ठरवून वळवता येतो याला आधार नाही, आणि वळवण्याच्या प्रयत्नांनी माणसं खचतात हे डॉक्टर सांगतात. दुसरं म्हणजे, लैंगिक कलाची चाचणी शाळेत कधीही कोणी घेऊ नये. कोण काय आहे हे शोधणं शाळेचं काम नाही.

मग हा कल येतो कुठून? याचं पूर्ण उत्तर विज्ञानाकडे अजून नाही. २०१९ मध्ये पावणेपाच लाखांहून अधिक लोकांच्या जनुकीय माहितीवर एक मोठा अभ्यास झाला. समलिंगी वर्तन ठरवणारा एकच एक जनुक सापडला नाही. अनेक जनुकांचा थोडा थोडा वाटा दिसला, आणि जनुकांपलीकडच्या गोष्टीही त्यात असाव्यात असं दिसलं. आपली उंचीही अशीच अनेक धाग्यांनी ठरते. समलिंगी माणसं सांगतात ते मात्र बहुतेक वेळा सारखंच असतं: हे मी निवडलं नाही, मला हळूहळू उमगलं. भिन्नलिंगी वाचकांनीही आठवून पाहावं, आपण ते कोणत्या दिवशी निवडलं?

वैद्यकशास्त्र आणि कायदा काय म्हणतात?

इथे फार वेळ घालवायला नको, कारण इथे वाद उरलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजी समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१८ मध्ये हा आजार नाही असं जाहीर सांगितलं. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये कल ‘बदलण्याचे उपचार’ हे डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं.

तरीही जुन्या समजुती पुस्तकांत परत येतात. २०२४ मध्ये त्याच आयोगाच्या न्यायवैद्यकाच्या नव्या अभ्यासक्रमात समलिंगी संबंध ‘अनैसर्गिक गुन्ह्यां’च्या यादीत पुन्हा छापून आले, आणि टीका झाल्यावर काही दिवसांत तो अभ्यासक्रम मागे घ्यावा लागला. डॉक्टर घडवणाऱ्या अभ्यासक्रमात असं होत असेल, तर आमच्या स्टाफरूममधल्या गैरसमजांचं नवल वाटायला नको.

कायद्याचं थोडक्यात असं. कलम ३७७ हे इंग्रजांच्या १८६० च्या दंडसंहितेतलं. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी सांगितलं, की सज्ञान व्यक्तींचे परस्परसंमतीचे खासगी संबंध गुन्हा नाहीत. १७ ऑक्टोबर २०२३ ला त्याच न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला आणि तो विषय संसदेचा आहे असं म्हटलं. म्हणजे आज संबंध गुन्हा नाही आणि विवाहाला कायद्याची मान्यताही नाही. मुलाने विचारलं तर या दोन्ही गोष्टी जशा आहेत तशा सांगायच्या. त्यात प्रचार कुठे आला?

महाराष्ट्राने हा वाद आधीही घातला आहे

सभेत एक आजोबा म्हणाले, “आमच्या काळी हे नव्हतं.” त्यांचा आदर ठेवून सांगते, होतं.

रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत चालवलं. लोक त्यांना पत्रांतून लाजेचे म्हणवले जाणारे प्रश्न विचारत आणि ते छापील उत्तरं देत. एका अर्थाने ती मराठीतली पहिली मोठी प्रश्नपेटी होती. अशाच उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला. त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले होते. खटला ते हरले आणि कर्व्यांना दंड झाला. लोकांच्या शंकांना शास्त्राने उत्तर द्यावं की नाही, हा आमच्या सभेतला प्रश्न मराठीत तेव्हाच विचारून झाला होता.

पुढची फेरी २००७ ची. एड्सच्या पार्श्वभूमीवर २००५ मध्ये केंद्राने किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम आणला होता. त्यातल्या शरीराच्या चित्रांच्या तक्त्यांवरून आपल्या विधानसभेत गदारोळ झाला आणि महाराष्ट्राने तो कार्यक्रम थांबवला. मध्य प्रदेश, गुजरात, कर्नाटक अशा इतर राज्यांनीही तेच केलं. २००९ मध्ये व्यंकय्या नायडू यांच्या अध्यक्षतेखालच्या राज्यसभेच्या समितीनेही शाळेत लैंगिक शिक्षण नको अशीच शिफारस केली.

मग २०१२ मध्ये मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा आला. आज आमच्या प्राथमिक विभागाच्या भिंतीवर ‘चांगला स्पर्श, वाईट स्पर्श’ असा तक्ता लागलेला आहे, आणि तो लावावा असा आग्रह पालकांनीच धरला होता. २००७ मध्ये जे ऐकून सभागृह तापलं, त्यातला एक भाग काही वर्षांत घराघरांतली गरज झाला.

शेवटची फेरी २०२१ ची. एनसीईआरटीने पारलिंगी मुलांना शाळेत कसं सामावून घ्यावं यावर शिक्षकांसाठी एक पुस्तिका काढली. बालहक्क संरक्षण आयोगाने तिच्यावर आक्षेप घेतला, आणि काही दिवसांत ती संकेतस्थळावरून गेली. ती पुस्तिका मुलांसाठी नव्हतीच, ती माझ्यासारख्या शिक्षकांसाठी होती. तिच्यातल्या काही सूचनांवर वाद घालता आला असता आणि तो घालायलाच हवा होता. पुस्तिकाच नाहीशी झाल्यावर वाद कशावर घालणार?

‘शिकवलं तर मुलं तशीच होतील’

सगळ्यात जास्त टाळ्या या आक्षेपाला पडल्या, आणि त्यामागची भीती मला कळते. आपल्या लेकराच्या वाट्याला कठीण आयुष्य येऊ नये, असं कोणत्या आईबापाला वाटत नाही?

पण थोडा विचार करू. आजवरच्या प्रत्येक समलिंगी मराठी माणसाने लहानपणापासून काय पाहिलं? घरात आई-बाबा, सिनेमात नायक-नायिका, पाठ्यपुस्तकात राजा-राणी, मांडवात नवरा-नवरी. दुसरं काही कोणी दाखवलंच नाही. पाहून आणि शिकून कल ठरत असता, तर या माणसांचा कल वेगळा निघालाच नसता. इतक्या एकसारख्या शिकवणीतून ज्यांचा कल बदलला नाही, तो चाळीस मिनिटांच्या एका तासाने कसा बदलेल?

यावर सभेत प्रतिप्रश्न आला, की मग आता अशी माणसं जास्त का दिसतात. कारण आता ती बोलतात. २०१८ पर्यंत ज्या गोष्टीसाठी तुरुंगाची तरतूद होती, ती तोवर चारचौघांत कोण सांगणार होतं?

‘हे आपल्या संस्कृतीत नाही’

कोल्हापूर-सांगली भागात ज्यांचं माहेर आहे, त्यांना यल्लम्माच्या नावाने जग (देवीचा मुखवटा असलेली टोपली) घेऊन दारात येणारे, देवीला वाहिलेले जोगते आठवतील. माझी आजी त्यांना सुपातून जोंधळे घालायची आणि वाकून नमस्कार करायची. ही माणसं आपल्या गावगाड्यात कायम होती. त्यातल्या कितीतरी जणांना आपण आज पारलिंगी म्हणू.

याचं फार कौतुक करावं असं मात्र मला वाटत नाही. नमस्कार दारात होता, शाळेतल्या बाकावर जागा नव्हती. आजी ज्यांच्या पाया पडायची, त्यांच्यातलं कोणी आपल्या नातवंडांच्या शेजारी बसून शिकेल हे तिला चाललं असतं का, मला सांगता येत नाही. परंपरेने त्यांना देवाच्या नावाने एक कोपरा दिला. शाळेने देण्याची गोष्ट वेगळी आहे: हजेरीपटावर नाव, डबा खायला सोबत, पोटात भीती न बाळगता वापरता येईल असं स्वच्छतागृह.

‘पण वय काय त्यांचं?’

मला विचाराल तर हा सगळ्यात योग्य आक्षेप आहे. सभेत सर्वांत शांतपणे विचारलेला प्रश्नही हाच होता.

गणितात पहिलीच्या मुलाला कोणी त्रिकोणमिती शिकवत नाही, पण म्हणून दहावीपर्यंत अंकओळखही थांबवत नाही. इथेही तसंच आहे. युनेस्कोने २०१८ मध्ये सुधारून काढलेल्या मार्गदर्शिकेत वयाचे टप्पे दिले आहेत: पाच ते आठ, नऊ ते बारा, बारा ते पंधरा आणि त्यापुढे. आपल्या वर्गांच्या भाषेत मी ते असे मांडेन. पहिली-दुसरीत कल हा शब्दही नको. सगळी घरं सारखी नसतात, कुणाला एकटी आई असते, कुणी आजीकडे राहतं, आणि कुणालाही त्याच्या चालण्याबोलण्यावरून चिडवायचं नाही, एवढंच पुरे. पाचवी-सहावीत वयात येताना शरीरात होणारे बदल यावेत, आणि ‘बायल्या’ किंवा ‘छक्का’ या शब्दांनी काय होतं हेही यावं. आठवी-नववीत वरचे तीन शब्द, आजार आहे-नाही, कायदा काय म्हणतो. त्यात शरीरसंबंधांचं वर्णन कुठेच येत नाही. पालकांच्या डोळ्यांसमोर नेमकं तेच येतं आणि भांडण तिथूनच सुरू होतं.

आणि वर्गात कोणी हे शिकवत नाही म्हणून मुलं शिकत नाहीत, असंही नाही. प्रजननाचा धडा ‘घरी वाचून घ्या’ म्हणून सोडून देणाऱ्या वर्गात मी शिकले आहे, आणि नोकरीच्या पहिल्या दोन वर्षांत मीही तो तसाच सोडला. मधल्या सुट्टीत मुलं काय बोलतात हे मला ऐकू यायचं. एका मुलाला वर्षभर सगळे ‘मामी’ म्हणत. हाक मारताना हसत आणि तोही हसायचा. तो हसतोय म्हणजे त्याला चालतंय, असं मी समजले. नववीनंतर तो आला नाही. कारण मी विचारलं नाही, त्याची खंत आजही आहे. तो समलिंगी होता की नव्हता हे मला माहीत नाही आणि त्याने फरकही पडत नाही. वर्गात माझ्यासमोर एक धडा रोज शिकवला जात होता आणि मी त्याला दुरुस्ती केली नाही.

युनेस्कोने २०१९ मध्ये तमिळनाडूतल्या, कल किंवा लिंगओळख वेगळी असलेल्या तरुणांशी बोलून एक अहवाल काढला. साधारण एक तृतीयांश जणांनी शाळा सोडण्यामागे छळ हे कारण सांगितलं. कॉलेजसाठी निदान नियम तरी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ मध्ये लैंगिक कल आणि लिंगओळख यांवरून होणारा छळ रॅगिंगच्या व्याख्येत घातला. पण रॅगिंगचे हे नियम कॉलेजांचे आहेत, आणि मुलं कॉलेजपर्यंत पोचण्याआधीच गळतात.

गप्प बसण्याचा आणखी एक धोका आहे. एखाद्या मुलाचं मोठ्या पुरुषाने लैंगिक शोषण केलं आणि तो मुलगा आधीच स्वतःच्या कलाबद्दल भेदरलेला असला, तर तो कोणाला सांगेल? सांगितलं तर आपलंच गुपित फुटेल अशी त्याची भीती असते, आणि शोषण करणारा नेमका तिचाच वापर करतो. मुलांना संरक्षण द्यायचं असेल तर त्या मुलांनाही बोलता येईल अशी भाषा हवी.

‘मूल आमचं आहे, ठरवणार कोण?’

हा प्रश्न अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. वॉशिंग्टनला लागून असलेल्या माँटगोमेरी काउंटीत बरीच भारतीय कुटुंबं राहतात. तिथल्या सरकारी शाळांनी २०२२ मध्ये लहान वर्गांच्या वाचनात समलिंगी आणि पारलिंगी पात्रांच्या गोष्टींची पुस्तकं आणली. आधी पालकांना कळवलं जायचं आणि नको असेल तर मुलाला त्या तासापुरतं बाहेर बसवता यायचं. मार्च २०२३ मध्ये शाळांनी ती सोय बंद केली. मुस्लिम, कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती पालक न्यायालयात गेले. २७ जून २०२५ रोजी सहा विरुद्ध तीन मतांनी पालकांच्या बाजूने निकाल लागला: खटला चालू आहे तोवर पालकांना आधी कळवा आणि मूल बाहेर ठेवायची मुभा द्या. पुस्तकं काढा असं न्यायालयाने म्हटलं नाही. वेगळं मत देणाऱ्या न्यायमूर्ती सोनिया सोटोमायॉर यांचं म्हणणं असं, की सरकारी शाळा ही वेगवेगळ्या घरांतल्या मुलांनी एकमेकांसोबत जगायला शिकण्याची जागा आहे.

दुसऱ्या टोकाचं उदाहरण ब्रिटनचं. १९८८ च्या ‘कलम २८’ ने तिथल्या स्थानिक संस्थांना समलैंगिकतेचा ‘प्रसार’ करायला मनाई केली. त्या कलमाखाली कोणाला शिक्षा झाली नाही, पण शिक्षक इतके बिचकले की वर्गातला छळ थांबवायलाही घाबरू लागले. २००० मध्ये स्कॉटलंडने आणि २००३ मध्ये इंग्लंड-वेल्सने ते कलम काढलं.

या दोन्हींतून मी माझ्यापुरतं असं ठरवलं आहे. वर्गात काय दाखवणार, काय बोलणार, हे आधी पाहण्याचा पालकांना पूर्ण हक्क आहे. ते पालकांपासून लपवणारी शाळा विश्वास गमावते, आणि माझ्या दोन वाक्यांच्या उत्तराबाबत तेच झालं. धर्मानुसार घरी काय मानायचं हे घराने ठरवावं, त्यात मी पडणार नाही. पण ‘माझ्या मुलाला दुसऱ्याला छक्का म्हणू द्या’ हा हक्क कुठल्याच पालकाला नाही. छळ थांबवायच्या तासाला कोणाचं मूल बाहेर बसवता येणार नाही.

‘आणि शिकवणार कोण? तुम्हाला येतं का?’

हे एका आईने विचारलं, आणि मी खरं तेच सांगितलं: पुरतं येत नाही. साठ मुलांचा वर्ग, वर निवडणुकीची कामं, आणि या विषयाचं एकही प्रशिक्षण मला आजवर मिळालेलं नाही. अर्धवट माहितीचा शिक्षक या विषयात नुकसान करू शकतो, हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे.

इथे मला मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आनंद वेंकटेश आठवतात. २०२१ मध्ये दोन तरुणी घरच्यांपासून संरक्षण मागत त्यांच्यासमोर आल्या. त्यांनी मोकळेपणाने सांगितलं, की हा विषय मला पुरेसा समजलेला नाही. निकालाआधी ते स्वतः मानसशास्त्रज्ञाकडे जाऊन बसले, या समुदायातल्या लोकांना भेटले, आणि मगच ७ जूनला निकाल दिला. त्या निकालात शाळांसाठीही सूचना होत्या, आणि पालकसभांमधून पालकांशी या विषयावर बोलावं हीही त्यांतली एक. बसून शिकण्यात न्यायमूर्तींना कमीपणा वाटला नाही, तर आम्हा शिक्षकांना का वाटावा? पुण्यात बिंदुमाधव खिरे यांच्या समपथिक ट्रस्टने २००२ पासून या विषयावर मराठीत काम केलं आहे. म्हणजे शिकायचं तर आपल्या भाषेत शिकता येतं.

सभेच्या शेवटी ठरलं ते असं. मी चार पानांचं टिपण लिहायचं, झेरॉक्स काढून नववीच्या प्रत्येक घरी द्यायचं, पंधरा दिवस थांबायचं, आणि मगच वर्गात बोलायचं. छप्पन्न प्रती गेल्या, त्यातल्या एकोणीस परत आल्या. काहींवर फक्त सही होती. एकीवर ‘आमच्या मुलाला नको’ असं लिहिलं होतं. त्या वडिलांना मी फोन केला आणि चिडवण्याविषयीचं पान सोडून बाकीच्या वेळी त्याला ग्रंथालयात बसवायचं ठरलं.

एका प्रतीवर पेन्सिलने बारीक अक्षरात शेरे होते. सभेत सगळ्यात मोठ्या आवाजात बोललेल्या गृहस्थांची ती प्रत. दुसऱ्या पानावर मी लिहिलं होतं, ‘लैंगिक कल जन्मतःच ठरलेला असतो.’ त्याखाली त्यांनी रेघ मारली होती आणि समासात लिहिलं होतं: “पूर्ण उत्तर मिळालेलं नाही असं पुढच्याच परिच्छेदात तुम्ही म्हणता. मग हे वाक्य इतक्या खात्रीने कसं?”

त्यांचं बरोबर होतं. मी ते वाक्य खोडून ‘लैंगिक कल माणूस ठरवून निवडत नाही’ असं केलं आणि ते पान पुन्हा छप्पन्न घरी पाठवलं.